मागे उभं राहणारं माणूस

६ जानेवारी

चि. घुमीस,

या नावानं आता तुला कोणी हाक मारत नसेल. खरं नाव मला आठवतं, पण ते पगाराच्या कागदावर शोभतं. माझ्या तोंडात घुमीच बसलंय. माझा दादा, तुझा बाप, गेला तेव्हा आपण भेटलो, त्यानंतर तुझं एकच पत्र आलं, तेही घराच्या कागदांबद्दल. त्यावर पत्ता होता म्हणून लिहितेय. फोन मुद्दाम केला नाही. माझे कान पार गेले. फोनवरचा माणूस मला पातेल्यात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येतो.

काम असं आहे. तुझे आतोबा गेल्यापासून शेडमधलं काचेच्या नक्षीचं काम मी एकटीच बघते. तुला माहीत नसेल म्हणून सांगते. काचेवर मेणाचा थर द्यायचा, नक्षीपुरतं मेण सुरीनं काढायचं, वर ॲसिड ओतायचं. जिथं काच उघडी, तिथं ॲसिड ती खातं. मग धुवायचं, मेण काढायचं, की झाली नक्षी. परवा अशीच एक लहान काच केली. काम करताना काही म्हणजे काही झालं नाही. संध्याकाळी भांडी घासताना उजव्या हाताच्या पहिल्या बोटात ठणका सुरू झाला. दारात बोट चेमटावं तसा, पण दार कुठेच नाही! बोट लाल नाही, फोड नाही. नखाखाली थोडं निळसर, बस. दुखण्यावरची गोळी घेतली, दोन दिवसांत थांबलं.

शेजारचा चौकटवाला म्हणतो लोणी लावा. तो फोटोंच्या चौकटी करतो, त्याला काय, तो फोटोलाही लोणी लावेल. घराण्यात रसायनं शिकलेली तू एकटी. मलमाचं नाव कळव.

तुझी,
आत्या

११ जानेवारी

आत्या,

तुमचं पत्र मिळालं. आम्ही प्रयोगशाळेत खनिजांचे नमुने विरघळवायला हेच ॲसिड वापरतो. हायड्रोफ्लोरिक. त्यामुळे मला ते माहीत आहे.

ते पातळ केलेलं असेल तर लागताना कळत नाही. कातडी जाळण्याआधी ते कातडीतून आत जातं आणि आतलं कॅल्शियम धरतं. पुढे गेलं तर हाडापर्यंत पोचतं. ठणका तासांनंतर येतो, कधी दुसऱ्या दिवशी, आणि तोवर वर काहीच दिसत नाही. तुम्हाला जे झालं ते हेच आहे. मोठ्या जागेवर सांडलं तर हृदय बंद पडू शकतं. घाबरवायला लिहीत नाही, आहे तसं लिहिते.

पुढच्या वेळी, खरं तर पुढची वेळ येऊच नये, पण आली तर ठणक्याची वाट बघू नका. लागलं अशी शंका जरी आली तरी लगेच नळाखाली हात धरा, मग कॅल्शियमची जेल चोळत राहा आणि चोळत चोळतच दवाखान्यात जा. काय लागलं ते डॉक्टरांना नावानिशी सांगा, सगळ्यांना हे ॲसिड माहीत नसतं. दुखण्यावरची गोळी घेऊ नका. दुखणं थांबलं की आतलं ॲसिड निवलं, एवढी एकच खूण आपल्याकडे असते. गोळीनं ती खूण पुसली जाते. जेलची नळी वेगळ्या पार्सलनं पाठवली आहे. हातमोजे जाड रबराचे हवेत, आणि दर वेळी फुगवून छिद्र आहे का ते बघा.

आमच्याकडे या ॲसिडची बाटली एकट्यानं उघडत नाहीत. दुसरं माणूस मागे उभं असतं. तुमच्याकडे कोण असतं, ते कळवा.

तुमची,
भाची

१७ जानेवारी

घुमे,

आत्याला 'तुम्ही' म्हणतात होय? मी काय तुझ्याकडे वीजमीटर बघायला आले आहे? पार्सल मिळालं. नळी देवासारखी फडताळात ठेवली आहे.

मोजे फुगवून बघितले. चांगले आहेत.

मागे कोण असतं म्हणून विचारतेस. हे होते ना. तीस वर्षं मी ओतायची आणि हे मागे उभे, नाहीतर हे ओतायचे आणि मी मागे. बादलीत चुन्याची निवळी तयार, एक हात नळावर. आमचं भांडण झालेलं असलं तरी ॲसिडच्या वेळी उभं राहायचंच. अबोला धरून, तोंड फिरवून, पण उभं. आता मागे भिंत आहे. भिंतीशी भांडता येत नाही एवढंच वाईट.

आता खरं सांगते. मोठी कामं मी सोडली. एकच बाकी आहे. दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं दार. भली मोठी काच, नेच्याच्या पानांची नक्षी. यांनी मेण लावलं, पानन् पान सुरीनं काढून ठेवलं, आणि 'उद्या ओतू' म्हणाले. तो उद्या काही आला नाही. काच तशीच मेणासकट भिंतीला टेकून आहे. डॉक्टरीणबाई भल्या, दुसरं साधं दार लावून बसल्यात आणि विचारतही नाहीत. पण मी रोज शेडमध्ये जाते तेव्हा ती काच मला विचारते.

तू ये की. तुला ॲसिड कळतं, मला काच कळते. एक दुपार लागेल.

आत्या

२४ जानेवारी

आत्या,

सूचना मान्य. यापुढे 'तू'.

मला येता येणार नाही. नमुन्यांचं काम साचलं आहे. शिवाय मी ज्या सोयीत काम करते त्यातली एकही तुझ्या शेडमध्ये नाही. हवा खेचून घेणारं कपाट नाही, अंगावर धार सोडणारा फवारा नाही. तिथे उभं राहून मी तुला वाचवू शकेन, असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

माझं मत विचारशील तर ती काच ॲसिडनं करू नये. वाळूच्या माऱ्यानं काच धुरकट करतात, ते यंत्र भाड्यानं मिळतं. नाकातोंडावर नीट मुखवटा असला की ते एकटीलाही जमेल.

माझ्या मागे कोण असतं हे तू विचारलं नाहीस, पण माहिती म्हणून सांगते. वजनकाट्याच्या खोलीतले एक वयस्क गृहस्थ येतात. सगळे त्यांना काटेवाले म्हणतात.

भाची

३० जानेवारी

घुमे,

वाळूनं मेण उडून जाईल, पोरी. यांची रेघ मेणात आहे. मेण गेलं की माझ्याकडे एक कोरी काच उरेल आणि बाजारात कोऱ्या काचा पुष्कळ आहेत.

ते काटेवाले मागे उभे राहून काय बोलतात? की तूही घुमी आणि तेही घुमे, असं दोन खांबांसारखं चाललेलं असतं? लग्नाचे आहेत का विचारणार होते, पण वयस्क म्हणालीस, जाऊ दे.

तुला एक सांगते, हसू नकोस. नळीचं, मोज्याचं, सगळं तू लिहिलंस ते मी वाचलं. चार वेळा वाचलं. आधी मला या ॲसिडची भीती नव्हती, हे होते म्हणून. आता तू सगळं नीट समजावल्यामुळे मला भीती वाटते. डबा हातात घेतला की मनगट कापतं. आणि कापऱ्या हातानं ओतणं म्हणजे आणखी वाईट.

चौकटवाल्याला सांगू म्हटलं तर तो माणूस चांगला आहे, पण त्याला 'पाणी' म्हटलं तर तो आधी 'कुठलं?' विचारेल. तू ये. सोय नसली तर नसू दे. काही करू नकोस. नुसती उभी राहा.

आत्या

९ फेब्रुवारी

आत्या,

उत्तराला उशीर झाला.

मी तुला दुखवत नाही ना, याचा विचार करून लिहिते आहे. मी तिथे येऊन उभी राहिले तर त्या कामाला माझी संमती आहे, असा त्याचा अर्थ होईल. माझी संमती नाही. उघड्या शेडमध्ये, साठी उलटलेल्या, ऐकू न येणाऱ्या एका बाईनं हे ॲसिड ओतणं चूक आहे. मी आले म्हणून ते बरोबर होत नाही. दुसरं माणूस नसेल तर काम करायचं नाही, हा नियम आहे. तो तुलाही लागू आहे असं समज.

काच जपून ठेव. काचेला काही होत नाही.

काटेवाले बोलत नाहीत. घड्याळ बघतात.

भाची

२ मार्च

आत्या,

तीन आठवडे तुझं पत्र नाही. रागावली असशील तर तसं लिही. नळीवर मुदतीची तारीख आहे, ती बघून ठेव, उन्हात ठेवू नकोस.

भाची

९ मार्च

आत्या,

मी फोन केला होता. वाजत राहिला. तुला ऐकू येत नाही हे माहीत असूनही केला.

एका ओळीचं तरी उत्तर पाठव.

भाची

१२ मार्च

बाईसाहेबांस नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या आत्याबाईंच्या शेजारी चौकटींचं दुकान चालवतो. तुमची दोन पत्रं टपालवाला माझ्याकडे देऊन गेला, कारण ताईंकडे दार कोणी उघडलं नाही. पाठीमागचा पत्ता बघून लिहितो. ताईंनी कळवू नका म्हणून बजावलं आहे, तेव्हा माझं नाव सांगू नका, म्हणजे सांगितलंत तरी त्यांना कळणारच आहे.

ताई आता घरी आल्या आहेत. जिवाला धोका नाही, हे आधी लिहायला हवं होतं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आतलं हाड गेलं होतं.

झालं असं की त्यांनी एका दुपारी ती मोठी काच केली. मला काही बोलल्या नाहीत. मी भिंतीपलीकडेच होतो, चौकटीला खिळे मारत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर त्या शेडच्या पायरीवर बसलेल्या, हात चुन्याच्या बादलीत, तोंड पांढरंफटक. मी म्हटलं, अहो ताई, रात्रभर हाक तरी मारायची. तर म्हणाल्या, "मला माझाच आवाज ऐकू येत नाही, तुला कुठून येणार?" असं कुठे असतं का, तुम्हीच सांगा.

रुग्णालयात डॉक्टरांना त्यांनी रसायनाचं नाव बरोबर सांगितलं. तुमच्या पत्रातून पाठ केलं होतं म्हणे. त्यामुळे बाकीचा हात वाचला असं डॉक्टर म्हणाले.

एक गोष्ट मला सांगायचीच आहे. तुमचं मलम त्यांच्या मांडीवर होतं, पण नळी उघडलेली नव्हती. उजवा हात ठणकत होता आणि डाव्या हातानं टोपण फिरेना. नळी धरायला दुसरा हातच नव्हता. टोपणावर दातांचे व्रण होते, पार चेपून गेलं होतं. मी फिरवलं तर एका झटक्यात उघडलं.

शेडमध्ये मोज्यांची जोडी पडली होती ती मी चिमट्यानं उचलून बाजूला ठेवली आहे. उजव्या मोज्याच्या पहिल्या बोटाचं टोक कापलेलं आहे. ॲसिडनं गेलेलं नाही, कात्रीनं नीट कापलंय. हे काय आहे ते मला कळलं नाही, तुम्हाला कळेल.

आपला,
चौकटवाला

१५ मार्च

आत्या,

मला कळलं आहे. कोणी कळवलं ते लिहीत नाही.

मोज्याचं टोक का कापलं असेल याचा मी विचार केला. ॲसिडनं किती खोल खाल्लंय, हे धुतलेल्या काचेवरून बोट फिरवून तुम्ही दोघं बघत असणार. जाड रबरातून ते कळत नाही. आतोबांनीच कापलं असेल ना? मोजे त्यांचेच असतील. काच एकदा धुतली की ॲसिड गेलं असं तुम्हाला वाटत असे, पण नक्षीच्या कडेला, मेणाखाली ते थोडं राहतं. तेवढं पुरतं. मोजे फुगवून बघितले, चांगले आहेत, असं तू लिहिलंस तेव्हा ते खोटं आहे हे मला कळायला हवं होतं. तू एरवी कुठलीच गोष्ट दोन वाक्यांत सांगत नाहीस.

हा झाला मोज्याचा भाग. आता दुसरा.

मी तुला नियम लिहिला होता. तो प्रयोगशाळेच्या कागदावर परत वाचला. काम करणाऱ्यानं बोलावलं तर दुसऱ्या माणसानं नाही म्हणावं, असं त्यात कुठेही नाही. एकट्यानं करू नये, एवढंच आहे. त्यातला मला सोयीचा अर्थ मी घेतला. मी नाही म्हटल्यावर तू काम सोडशील, असं मी धरून चालले. तू सोडणार नव्हतीस. ते तुझ्या प्रत्येक पत्रात लिहिलेलं होतं. माझ्या नाही म्हणण्यानं ॲसिड ओतणं थांबलं नाही. नळीचं टोपण फिरवायला कोणी नव्हतं, एवढाच फरक पडला.

नमुन्यांचं काम साचलं नव्हतं. तुझ्या शेडमध्ये सोयी नाहीत हे खरं आहे, पण मी आले नाही त्याचं कारण ते नव्हतं. मी आले असते तर तू दिवसभर माझ्याशी बोलली असतीस, मला विचारलं असतंस, आणि संध्याकाळी मला परत माझ्या खोलीवर यावं लागलं असतं. मी इथे एकटीची जी घडी बसवून घेतली आहे ती त्यानंतर पहिल्यासारखी बसली नसती.

काटेवाल्यांबद्दल तू विचारलं होतंस. ते गेल्या महिन्यात निवृत्त झाले. ते खरंच बोलत नसत. आठवड्याचे नमुने एका दिवसात होण्यासारखे होते. मी ते मंगळवारी अर्धे आणि शुक्रवारी अर्धे करत असे. वरिष्ठांनी कारण विचारलं तेव्हा मी कपाटातल्या हवेचं काहीतरी सांगितलं. कारण हे होतं की अर्धे अर्धे केले की कोणीतरी आठवड्यातून दोनदा माझ्या मागे उभं राहायचं. आता बंद डब्यात नमुने विरघळवणारं यंत्र आलं आहे. ते जास्त सुरक्षित आहे. माणूस लागत नाही.

शेडमध्ये किती ॲसिड उरलं आहे? डबा हलवू नकोस, फक्त बाहेरून बघ आणि कळव.

भाची

२३ मार्च

घुमे,

अक्षर बघून घाबरू नकोस, डाव्या हातानं लिहितेय. दोन दिवस चाललंय हे पत्र.

मोज्याचं तू बरोबर ओळखलंस. यांनीच कापला होता. त्यांचं बोट लाकडासारखं झालं होतं, शेवटी शेवटी त्यांना काहीच कळत नसे, मग ते मला म्हणायचे, तू फिरव. पण त्यांनी कधी सांगितलं नाही की दुखतं. मीही तुला सांगितलं नाही. आमच्याकडे ही रीतच आहे.

तू माझ्यावर उपकार म्हणून रडत वगैरे येऊ नकोस. मी तुझ्यावर रागावले होते, खोटं कशाला बोलू. पायरीवर बसले होते तेव्हा तुला खूप बोलले. बरं झालं तुलाही ऐकू आलं नाही. मग उजाडता उजाडता वाटलं, ही पोरगी माझ्याहून एकटी आहे. मला निदान भांडायला भिंत तरी ओळखीची आहे.

काटेवाल्यांशी एकदा तरी बोलायचंस ग. मंगळवारी नाही तर शुक्रवारी.

ॲसिड अर्धा डबा आहे. प्लास्टिकचाच डबा आहे, झाकण घट्ट आहे. शेडला कुलूप लावलंय आणि किल्ली चौकटवाल्याकडे दिलीय. त्यानं ती गळ्यात घातलीय, जसा काही खजिनदार.

काच झाली आहे. पाणी मारून, मेण काढून भिंतीला उभी केली आहे. डाव्या कोपऱ्यात जुनं मेण तडकलं होतं, तिथं ॲसिड शिरलं असावं, असं मला वाटतं. पण खरं सांगू का, मला ती दिसते आणि कळत नाही. तीस वर्षं मी काच बोटानं बघितली. डोळ्यांनी बघायची सवयच नाही. डाव्या हाताचं बोट फिरवलं तर ते मूर्खासारखं नुसतं घसरतं. चौकटवाल्याला विचारलं, तो म्हणतो, "फारच छान ताई!" त्याला सगळंच फारच छान असतं. डॉक्टरीणबाईंना निरोप द्यायचा आहे, पण नुसत्याच चांगुलपणानं त्या घेऊन जातील, ते मला नको. यांचं शेवटचं काम आहे. ते चांगलं झालंय की नाही, ते मला कोणीतरी खरं सांगायला हवं.

आत्या

२८ मार्च

आत्या,

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. दुपारपर्यंत पोचेन.

चौकटवाल्यांना सांगून विझवलेला चुना दोन पोती आणि प्लास्टिकचं मोठं पिंप आणून ठेव. धातूचं नको. पिंप शेडच्या बाहेर, उघड्यावर ठेवायला सांग. मोजे, तोंडावरचा पडदा आणि नवी जेल मी आणते. चुन्याच्या दाट पाण्यात मी ॲसिड थोडं थोडं सोडेन. ते तापतं, म्हणून घाई करता येत नाही. तू वारा जिकडून येतो त्या बाजूला उभी राहा आणि जेलची नळी टोपण काढून हातात धर. जुने मोजे मी त्यातच टाकणार आहे, चालेल ना, हे आधी विचारते.

सोमवार, मंगळवारची रजा टाकली आहे. तेवढी लागेल असं नाही.

मला काचेतलं काही कळत नाही. कसं बघायचं ते तू सांग, मी बघेन. कोपरा बिघडला असेल तर बिघडला म्हणून सांगेन.

घुमी